आकाशकंदिलाचे शास्त्र

शास्त्र व कला यांची सोयरीक जुळत नाही, असे मानणाऱ्यांनी दिवाळीपूर्वी गिरगावातील एखाद्या चाळीच्या गॅलरीत डोकवावे. बांबूच्या कामट्यांचे माप चुकले की चौकट वाकते. भूमितीतील ती चूक डोळ्यांना आधी कुरूपता म्हणूनच दिसते. आत पणती ठेवायची तर उष्ण हवेस वर वाट हवी, हे मुलांना करपलेला पतंगी कागदच शिकवितो. इतक्यात शेजाऱ्यांहून आपला कंदील सरस दिसावा म्हणून वडील कात्री स्वतःकडे घेतात. घेतात मायेपोटीच, परंतु मुलाच्या चुकीवर हक्क मुलाचा, आणि तो हिरावणे मला खेळणे हिरावण्याहून निष्ठुर वाटते. (सुबकच हवा असेल, तर माहीमची कंदील गल्ली दूर नाही.) वाकडा कंदील खुशाल टांगावा. वाऱ्यावर तो एकाच बाजूस का कलतो, हे पाहावयास मूल उद्या स्टुलावर चढेल.