जोड लावणारा

गावच्या जत्रेतले कुस्त्यांचे मैदान ज्यांनी लहानपणी पाहिले असेल, त्यांना एक दृश्य नक्की आठवेल. हलगी कडाडत असते. लंगोट कसलेली पोरे मातीत उतरून दंड थोपटीत फिरत असतात. अशा वेळी फेटा बांधलेला एखादा जाणता वस्ताद दोघांना दंडाला धरून शेजारी शेजारी उभे करतो, उंची पाहतो, खांदे पाहतो आणि त्यांचे हात एकमेकांच्या हातात देतो. याला 'जोड लावणे' म्हणतात. कुस्ती कोणी मारली याची चर्चा पुढे आठवडाभर चालते. जोड कोणी लावली हे मात्र कोणी फारसे विचारीत नाही. आणि तरीही, निम्मी कुस्ती त्या क्षणीच ठरलेली असते.

ही आठवण जागी झाली ती एका परदेशी सामन्याच्या निमित्ताने. ६ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेत लास वेगास येथे मिश्र युद्धकलेच्या विजेतेपदाची लढत झाली. ठोसे, लाथा, कुस्तीचे डाव आणि गळा आवळण्याची जुजुत्सू या सर्वांना मुभा असलेला हा खेळ. अष्टकोनी जाळीच्या पिंजऱ्यात तो खेळला जातो. त्या रात्री विजेता होता दागिस्तानचा खबीब नुर्मागोमेदोव्ह आणि आव्हान देणारा आयर्लंडचा कॉनर मॅग्रेगर. मॅग्रेगर जवळजवळ दोन वर्षे या पिंजऱ्यात उतरलाच नव्हता. मधल्या काळात तो एकदा मुष्टियुद्ध खेळला होता आणि हरला होता. पूर्वी त्याने दोन वजनगटांची विजेतेपदे मिळवली होती, पण त्यांपैकी एकाचेही रक्षण त्याने कधी केले नव्हते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्रुकलिन येथे त्याने खबीब बसलेल्या बसवर लोखंडी हातगाडी फेकली. आतले दोन खेळाडू जखमी झाले. त्या प्रसंगाचे चित्रण पुढे सामन्याच्याच जाहिरातीत वापरण्यात आले.

आता त्याच रात्रीची दुसरी गोष्ट. मुख्य लढतीच्या अगोदरची लढत टोनी फर्ग्युसन नावाचा खेळाडू खेळला आणि जिंकला. या वजनगटात तो त्याआधी सलग दहा लढती जिंकला होता. २०१७ साली त्याने हंगामी विजेतेपदही मिळवले होते. पुढे खबीबशी लढत ठरली. पण ती काही दिवसांवर आली असताना प्रसिद्धीच्याच कामासाठी गेलेला हा माणूस जमिनीवरच्या एका केबलला अडखळला आणि त्याचा गुडघा गेला. विजेतेपद हातचे गेले. सहा महिन्यांनी तो उभा राहिला तेव्हा पट्ट्यासाठीची जागा दुसऱ्याला दिलेली होती. ती लढत त्या कंपनीच्या तोवरच्या इतिहासात सर्वाधिक खपली.

यात लबाडी कोणी केली? खरे पाहता, कोणीच नाही. पिंजऱ्यातली लढत खरी होती. खबीबने चौथ्या फेरीत मॅग्रेगरला शरण आणले. पंच विकला गेला नव्हता, निकाल ठरलेला नव्हता. मग मनाला टोचते ते काय? टोचते ते असे की उत्तर प्रामाणिक होते, पण प्रश्न कोणी निवडला? न्यायाचा आपण विचार करतो तो नेहमी निकालापाशी. परीक्षेचा पेपर नीट तपासला की आपले समाधान होते. ज्याला परीक्षेला बसूच दिले नाही, त्याच्या उत्तरपत्रिकेची चौकशी आपण करीत नाही.

जोड लावणाऱ्याच्या बाजूनेही बोलले पाहिजे. तो नसेल तर खेळच उभा राहणार नाही. कोवळ्या पोराला पहिल्याच वर्षी कसलेल्या मल्लापुढे टाकले, तर तो मोडून पडेल. त्याला बेताबेताने वाढवणे हे शहाणपणाचे आणि दयेचेही काम आहे. शिवाय लोक पाहायला आलेच नाहीत, तर पैसा कोठून येणार? मॅग्रेगरच्या नावावर जमलेल्या गर्दीनेच इतर खेळाडूंनाही मोठे व्यासपीठ मिळाले. आणि निवडीला फाटा देऊन सर्वांना एकाच स्पर्धेत उतरवावे म्हटले, तर तोही मार्ग निष्पाप नाही. १९९३ साली डेन्व्हर येथे ज्या स्पर्धेने या खेळाची सुरुवात झाली, तीत आठ जण एकाच रात्री लढले आणि सडपातळ अंगाचा रॉयस ग्रेसी तिघांना हरवून जिंकला. पण स्पर्धेच्या संस्थापकांपैकी एक त्याचाच भाऊ रोरियन होता. घराण्याची विद्या बळावर मात करते हे लोकांना दिसावे, म्हणूनच दणकट भावाऐवजी हा बारीक भाऊ पुढे करण्यात आला. म्हणजे या खेळाच्या जन्मापासूनच पराक्रम खरा आणि मांडणी हेतुपुरस्सर, अशी जोडी आहे.

तेव्हा निवड असावी की नसावी, हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो 'विजेता' या शब्दाचा. तमाशा विकणे हा व्यापार आहे आणि व्यापार हा काही गुन्हा नव्हे. दोन गाजलेल्या माणसांची लढत आहे, या पाहायला, असे म्हणणाऱ्याला कोणी दोष देणार नाही. पण 'जगज्जेता' हा शब्द उच्चारला की आपण जाहिरात करीत नसतो, विधान करीत असतो. ज्यांचा हक्क होता त्या सर्वांना सामोरा जाऊन हा उरला आहे, असे ते विधान आहे. येथे जोड लावणारा, तिकिटे विकणारा आणि पट्टा देणारा हे तिन्ही एकच आहेत. सोनार, गिऱ्हाईक आणणारा दलाल आणि कस लावणारा पारखी एकाच पेढीवर बसले, तर सोने खोटे असेलच असे नाही. पण ते खरे आहे हे आपण कोणाच्या तोंडून ऐकायचे?

अमेरिकेत मुष्टियुद्धासाठी महंमद अलीच्या नावाचा कायदा २००० साली झाला. क्रमवारी लावणाऱ्यांनी वस्तुनिष्ठ निकष पाळावेत आणि सामने भरवणारा व खेळाडूचा कारभारी यांचे हितसंबंध एकमेकांत गुंतू नयेत, असे बंधन त्याने घातले. मिश्र युद्धकलेला तो लागू झाला नाही. अर्थात कायद्याने सगळे साधते असेही नाही. मुष्टियुद्धात चार संस्थांचे चार पट्टे आहेत आणि एकाच वजनात चार चार जगज्जेते नांदू शकतात.

शिवाय सगळा दोष व्यापाऱ्याच्या पदरी घालून आपण मोकळे होणे बरे नव्हे. डिमिट्रियस जॉन्सन या सर्वांत हलक्या गटातल्या खेळाडूने सलग अकरा वेळा आपले विजेतेपद राखले. डाव आणि प्रतिडाव इतक्या सहजतेने जोडणारा खेळाडू या खेळाने क्वचितच पाहिला असेल. पण तो कोणाला शिव्या देत नव्हता, बसवर हातगाड्या फेकत नव्हता. लोकांनी त्याची स्तुती केली आणि तिकीट मात्र दुसऱ्याचे काढले. २०१८ साली पंचांच्या विभागलेल्या निर्णयाने तो हरला आणि काही महिन्यांतच दुसऱ्या कंपनीच्या एका खेळाडूच्या बदल्यात त्याला देऊन टाकण्यात आले. हा सौदा कंपनीने केला खरा. पण बाजारभाव आपण ठरवला होता. गुणांचा गौरव आणि गुणांची किंमत यांत आपण किती सहज अंतर ठेवतो!

फर्ग्युसनचे पुढे काय झाले? खबीबशी त्याची लढत एकूण पाच वेळा ठरली आणि पाचही वेळा मोडली. शेवटची २०२० च्या साथीमुळे. त्या वर्षी मे महिन्यात तो दुसऱ्याच प्रतिस्पर्ध्याकडून हरला आणि बारा विजयांची त्याची मालिका तुटली. खबीब त्याच वर्षी अजिंक्य राहून निवृत्त झाला. फर्ग्युसन ऑगस्ट २०२४ पर्यंत ओळीने आठ लढती हरला. दुखणी, अपघात, साथ यांचा दोष कोणाला द्यायचा? पण २०१८ ची ती एक रात्र दैवाने ठरवलेली नव्हती, माणसांनी ठरवलेली होती. तो जिंकला असता असे मी म्हणत नाही; बहुधा हरलाही असता. हरण्याचाही एक हक्क असतो. आपण कुठवर होतो हे त्यातून माणसाला कळते. पराभव भरून निघतो. न विचारलेला प्रश्न वेळ निघून गेल्यावर कोणालाच विचारता येत नाही.

जत्रेतला तो वस्तादही काही देव नव्हता. त्याच्याही मनात आपल्या तालमीची ओढ असेल. पण तो जोड लावी ती भर मैदानात, सर्वांच्या डोळ्यांदेखत. आणि ती विजोड दिसली तर कडेला बसलेला एखादा म्हातारा ओरडून तसे सांगू शकत असे. तो म्हातारा तिकडे कोठे बसतो, याचा मी अजून शोध घेतो आहे.