ग्रीक तत्त्वज्ञान, पाखंड आणि गार्सिया द ओर्ता

ग्रीक तत्त्वज्ञान हीच पाखंडाची जननी, असा आरोप ख्रिस्ती धर्मात फार जुना आहे. तिसऱ्या शतकात रोमच्या हिप्पोलिटसने पाखंडांच्या खंडनाचा ग्रंथ लिहिला आणि एकेका पाखंडाचे मूळ एकेका ग्रीक तत्त्ववेत्त्यात दाखवले. त्याच ओघात भारतातले ब्राह्मणही येऊन जातात! १२७७ मध्ये पॅरिसच्या बिशपने २१९ विधाने निषिद्ध ठरवली, त्यांतली पुष्कळशी ॲरिस्टॉटलच्या अभ्यासातून आलेली. पुढे मात्र थॉमस अक्विनासच्या मांडणीमुळे तोच ॲरिस्टॉटल कॅथलिक विद्यापीठांत प्रमाण ठरला.

ग्रीकांच्या प्रमाणाशी असे एक उघड भांडण झाले ते गोव्यात. लिस्बनला तत्त्वज्ञान शिकवणारा वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये भारतात आला. मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. भारतीय औषधींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. ग्रंथ संवादरूप आहे: स्पेनहून आलेला काल्पनिक रुआनो ग्रीकांचे दाखले देतो आणि ओर्ता ते खोडतो. पिंपळी व मिरी एकाच झाडाची, हे ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीजचे म्हणणे. ओर्ताने दोन्ही जवळून पाहिली होती. झाडे वेगळी, हे त्याने ठणकावून सांगितले. स्पेनमध्ये असतो तर दुसऱ्या ग्रीक वैद्याविरुद्ध, गेलनविरुद्ध, बोलण्याची छाती झाली नसती, अशी कबुलीही त्याने दिली आहे.

गंमत अशी, की या ग्रंथाच्या मुखपृष्ठावरच तो तपासणाऱ्या इन्क्विझिटरचे, म्हणजे पाखंड शोधणाऱ्या धर्मन्यायाधीशाचे, नाव आहे: अलेशो दियाश फाल्कांव. ग्रीकांना खोटे पाडणे हा गुन्हा नव्हता.

मग ओर्ता पुढे पाखंडी ठरला तो कोणत्या गुन्ह्यासाठी? पाखंडी ठरायला आधी बाप्तिस्मा झालेला असावा लागे. उदाहरणार्थ, दहिसर नदीजवळच्या मंडपेश्वराच्या शैव लेण्यावर फ्रान्सिस्कन पंथाच्या पाद्र्यांनी त्याच शतकात चर्च उभारले. शिवाला भजणारा हिंदू त्यांच्या लेखी मूर्तिपूजक. बाप्तिस्म्यानंतर लपूनछपून तेच करणारा पाखंडी. ओर्ताचे आईवडील स्पेनमधून हाकलले गेलेले आणि पोर्तुगालमध्ये सक्तीने ख्रिस्ती झालेले ज्यू होते. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला ज्यू धर्म गुप्तपणे पाळल्याबद्दल जिवंत जाळण्यात आले. मग कुटुंबीयांच्या जबान्यांवरून तोही दोषी ठरला. ४ डिसेंबर १५८० रोजी त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली.

विचाराला सूट आणि घरातल्या आचाराला चिता, असा हा न्याय होता. वनस्पतिशास्त्रज्ञ क्लूसियसने १५६७ मध्येच केलेला त्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप मात्र युरोपात त्यानंतरही छापला जात राहिला.