उरलेली तीस पावलं

दिल्लीत मुनिरक्याच्या डीडीए वसाहतीत एक मराठी कुटुंब राहत होतं. एका फाल्गुनात अमेरिकेहून मामा आला. भाचरांसाठी त्यानं डिस्क गोल्फच्या तीन तबकड्या आणल्या होत्या.

रविवारी सकाळी तो दोघा भावंडांना घेऊन मोकळ्या मैदानावर गेला. दूरचा एक खांब दाखवून म्हणाला, "या खेळात साखळ्यांच्या टोपलीवर नेम धरतात. पण 1975 साली कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्हला मैदान आखलं, तेव्हा साधे खांबच होते. आपणही खांबच धरू. कमी फेकींत जो तबकडी खांबाला लावेल, तो जिंकला."

तबकड्यांवर चार-चार आकडे होते. पहिला वेगाचा, दुसरा तरंगण्याचा, तिसरा सुरुवातीच्या वळणाचा आणि चौथा शेवटी डावीकडे कलण्याचा. पातळ कडेच्या तबकडीचा वेग 12 होता, बोथट कडेच्या दोघींचा 2 आणि 4.

दादानं 12 ची फेकली. ती सूं करत गेली आणि खांबापासून तीस पावलांवर पडली. ताईनंही तीच फेकली. तिची बरीच मागे राहिली.

दादानं पुन्हा तीच उचलली. "हिनंच तर मला इथवर आणलं," तो म्हणाला. अंतर थोडं उरलं होतं म्हणून त्यानं हात आखडून फेकली. पुरेसा वेग न मिळाल्यानं ती लवकरच डावीकडे कलली आणि टणक जमिनीवरून घसरत लांब गेली.

ताईनं 2 ची फेकली. समोरच्या वाऱ्यानं ती वर उचलली गेली आणि अर्ध्या वाटेत पडली.

ताई थोडा वेळ थांबली. मग तिनं 4 ची हातात घेतली. "मामा, हिचा शेवटचा आकडा 3 आहे. वाऱ्यात टिकेल?"

"टिकेल. आणि हिला फार जोरही लागत नाही."

ताईनं खांबाच्या जरा उजवीकडे नेम धरला आणि तबकडी खालून सोडली. ती वाऱ्याला न जुमानता गेली, शेवटी डावीकडे कलली आणि खांबाजवळ पडून राहिली. मग 2 ची घेऊन ताईनं चौथ्या फेकीत खांब गाठला. दादा 12 चीच फेकत खांबाच्या या बाजूहून त्या बाजूला जात राहिला. त्याला सात फेकी लागल्या.

"पण माझी पहिली फेक तुझ्यापेक्षा लांब होती," दादा म्हणाला.

"होती ना. पण नंतर लांब जायचंच नव्हतं."

ज्या बळावर आपण मोठी वाट कापतो, त्याच्यावर आपला जीव जडतो. मुक्काम जवळ आला तरी ते हातातून सुटत नाही. जाणत्यानं प्रत्येक वेळी उरलेलं अंतर आणि समोरचा वारा पाहावा, आणि जे हवं तिथं थांबेल तेच हाती घ्यावं.