प्रभू, तो मीच का?

शास्त्रपाठ : मत्तय २६:२०-२५



शब्बाथ शाळेत एकदा मी मुलांना विचारले, "दुष्ट माणूस कसा ओळखावा?" एक मुलगा चटकन म्हणाला, "सर, तो आला की म्युझिक बदलतं!" वर्ग हसला, मीही हसलो. पण आम्हा मोठ्यांच्या मनातलेच तो बोलला होता. पडद्यावरचा खलनायक मेला की आपण समाधानाने घरी येतो. दुष्टाई त्याच्यात होती, ती त्याच्याबरोबर गेली!

ही समजूत जुनी आहे. तिसऱ्या शतकात मानी नावाच्या गुरूने शिकवले की, प्रकाश आणि अंधार ही दोन अनादि राज्ये असून त्यांचा झगडा माणसातही चालू आहे. संत ऑगस्टीन (जन्म ३५४) तरुणपणी सुमारे नऊ वर्षे या पंथात होता. पाप करणारा मी नव्हे, माझ्यातले दुसरेच कोणी, असे म्हणण्याची त्यात सोय होती, हे पुढे त्यानेच कबूल केले. सोळाव्या वर्षी त्याने सोबत्यांसह रात्री एका झाडाची नासपती चोरली होती. भूक नव्हती, याहून चांगली फळे त्याच्याजवळ होती. बहुतेक डुकरांपुढे टाकली. चोरीच गोड लागली, आणि ती त्याच्याच मर्जीने झाली. देवाने वाईट असे काहीच घडविले नाही, तर जखम म्हणजे जसा शरीरातील आरोग्याचा अभाव, तसे वाईट म्हणजे चांगल्याचा झालेला बिघाड, असे तो शेवटी शिकवू लागला.

व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) पुष्कळांना आठवत असेल. सहा खुनी कैद्यांना एक जेलर उघड्या माळावर शेती करायला नेतो. औंध संस्थानातील स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाचा प्रयोग या कथेमागे आहे. तो चित्रपट पाहून मी डोळे पुसले होते. पण शिक्षा भोगून आलेला एक भाऊ आमच्या उपासनेला बसू लागला, त्या रविवारी मी अर्पणाची रक्कम दोनदा मोजली. रक्कम बरोबर होती. तरी पेटीला नवे कुलूप आणले, आणि जुने गंजले होते असे घरी सांगितले. (ते गंजले नव्हते.)

तुमच्यातील एक जण मला धरून देईल, असे प्रभूने भोजनाच्या वेळी सांगितले, तेव्हा मत्तयाच्या वृत्तांतात कोणी यहूदाकडे बोट दाखवीत नाही. ज्याने त्याने स्वतःविषयीच विचारले. त्याच रात्री नाकारणारा पेत्रही त्यांत होता. यहूदाने मागाहून विचारले.

शिक्षकहो, हा पाठ घेताना मुलांना यहूदाचे चित्र काळ्या खडूने रंगवू देऊ नका. बाराही चेहरे एकाच रंगाचे असू द्या आणि मग वचन वाचा.

अर्पण मोजताना त्या भावाला माझ्याशेजारी बसवावे, असे मी पंचकमिटीला लिहून दिले आहे. कुलपाची गोष्टही त्याच पत्रात लिहिली. उत्तर अजून यायचे आहे.