सामर्थ्य इंधनात की यंत्रात?

कार्य कारणात आधीपासूनच अव्यक्त रूपाने असते, हा सांख्यांचा सत्कार्यवाद, आणि ते नव्यानेच उत्पन्न होते, हा नैयायिकांचा असत्कार्यवाद. हा जुना वाद स्वीडनमधील कोनिगसेग कंपनीच्या मोटारींना लावून पाहण्याजोगा आहे. तिच्या सीसीएक्स मोटारीचे इंजिन, ज्यात सुपरचार्जर हे यंत्र हवा दाबून भरते, पेट्रोलवर 806 अश्वशक्ती देत असे; 2007 साली, मुख्यतः इथेनॉल असलेल्या ई85 इंधनासाठी जुळवलेल्या सीसीएक्सआरमध्ये ती 1018 झाली. नवल असे, की लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच असते. पेट्रोलवर दाब फार वाढवला, की सिलिंडरच्या कडेला उरलेले मिश्रण ज्योत पोचण्याआधीच आपोआप पेटते, धातूवर ठोका पडल्यासारखा आवाज येतो आणि पिस्टनला इजा होऊ शकते; इथेनॉल मात्र बाष्प होताना पुष्कळ उष्णता शोषते व दाबाखाली सहजी पेटत नाही, त्यामुळे जास्त हवा भरता येते आणि ठिणगीही लवकर पाडता येते. योगसूत्रातला शेतकरी पाणी निर्माण करत नाही, केवळ बांध फोडतो; तसे इथेही सामर्थ्य आधीचेच, फक्त अडथळा दूर झाला. एवढ्यावर निर्णय दिला, तर सांख्यांची सरशी होईल. परंतु किलोभर पेट्रोलला सुमारे 14.7 किलो हवा लागते, शुद्ध इथेनॉलला 9 किलोच, म्हणून तेवढ्याच हवेत इंधन कितीतरी अधिक सोडावे लागते, आणि मोठे इंजेक्टर, तगडा पंप व इंधन-ठिणगीचे नवे गणित बसवणारा कर्ता, ज्याला नैयायिक निमित्तकारण म्हणतात, त्याच्यावाचून नुसते इंधन बदलल्यास इंजिन धड चालतही नाही. या खटल्यात नैयायिकांचेच पारडे जड आहे.