काट्यावरची साक्ष

माणसाने मनापासून कष्ट करावे आणि फळ मिळू नये, तर दोष कुणाचा? प्रश्न जुनाच आहे. पण आमच्या अष्टागरात तो अलीकडे निराळ्या रूपाने घरोघर ऐकू येतो. चौल-रेवदंड्याकडची चाळिशी ओलांडलेली कुणीही गृहिणी घ्या. पहाटे उठून समुद्रकाठी तासभर चालते, भात अर्ध्यावर आणला, रात्री एकच भाकरी, आणि वहीत रोजच्या कॅलरी मांडून ठेवते. चार महिने झाले तरी वजनाचा काटा जागचा हलत नाही. घरची मंडळी काय म्हणतात? "चोरून खात असशील!"

म्हणजे वजन राहिले बाजूला, बाईच्या सचोटीवरच घाला आला. विचार करावयाचा तो याचा.

आधी विरुद्ध पक्षाचे ऐकू. बाराशेपेक्षा कमी कॅलरी खाऊनही वजन उतरत नाही, अशी तक्रार असणाऱ्या काही स्थूल माणसांची न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी परीक्षा केली. ती १९९२ साली प्रसिद्ध झाली. खुणेचे पाणी पाजून शरीर खरोखर किती ऊर्जा खर्चते ते मोजले. तेव्हा दिसले की ही मंडळी खाणे जवळजवळ निम्मे सांगत होती आणि हालचाल दीडपट. झाले, घरच्यांना पुरावाच मिळाला!

पण थांबा. चुकीचे सांगणे म्हणजे खोटे सांगणे नव्हे. वहीत "वालाचे बिरडे, एक वाटी" असे लिहिले जाते. त्या वाटीत किती नारळ उतरला हे कोण लिहितो? शंभर ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात, आणि तासभर चालून खर्च होतात त्या दोन-अडीचशे. एकादशीच्या साबुदाण्याचे तर बोलूच नये. त्यातले तूप आणि दाण्याचे कूट उपवासाच्या नावाखाली मोजणीतून सहज निसटते. बाई लबाड नाही. वाटी लबाड आहे.

शिवाय देहही आपला हिशेब फिरवतो. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. वजन उतरले, पण नाडी मंदावली, अंगाला सतत थंडी वाजू लागली, आणि बसल्या जागचा ऊर्जेचा खर्च सुमारे ४० टक्क्यांनी घटला. मिळकत आटली की जाणता संसारी खर्च आवरतो, तसेच हे! आता हे तरुण कोण होते ते पाहा. महायुद्धात शस्त्र धरणार नाही असे म्हणून स्वतःच्या विवेकाला जागलेले. त्यांतल्याही काहींनी लपून खाल्ले, आणि अखेर कुणी एकट्याने बाहेर जाऊ नये असा नियम करावा लागला. भुकेपुढे अशांचीही ही गत होते. मग स्वयंपाकघरात दिवस काढणाऱ्या बाईने कधी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला, तर तिला चोर म्हणण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

मग चालणे सोडावे काय? मुळीच नाही. काटा हलला नाही तरी चालण्याने रक्तातली साखर आटोक्यात राहते, हृदय बळकट होते. थायरॉईडची शंका असेल तर रक्त तपासून घ्यावे. एखादा आठवडा तेल आणि खोबरे मोजून घालावे, आणि ते मोजण्याचे काम खुशाल त्या संशय घेणाऱ्यांनीच करावे.

काट्याला सगळे कळते असेही नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली आपला दोघांचा फोटो एका वैद्यकीय नियतकालिकात छापला. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा दोघांचा एकच, २२.३, पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपल्याकडची पुष्कळ माणसे अशीच दिसायला सडपातळ आणि आतून चरबीची असतात.

तेव्हा ओसरीवर बसून "चोरून खातेस" म्हणणारे आमचे किडकिडीत भावोजी, त्यांनी स्वतःची साखर शेवटची कधी तपासली, हेही एकदा विचारायला हरकत नाही.