बाकावरचा गडी

एखाद्या कार्याची माणसाने वर्षानुवर्षे तयारी करावी आणि ते कार्य करण्याची वेळ त्याच्यावर कधी येऊच नये, तर त्याच्या श्रमांना काय म्हणावे? ते व्यर्थ गेले म्हणावे, की त्यांचे मोल अन्यत्र शोधावे? प्रश्न जुनाच आहे. परंतु अमेरिकेतील विद्यापीठांच्या क्रीडांगणावर तो आम्हांस अगदी उघड्या स्वरूपात भेटतो. तेथील फुटबॉल संघातला राखीव 'टाइट एंड' हा जणू त्या प्रश्नाचा देहधारी आकार आहे.

हा फुटबॉल आपल्या परिचयाचा नव्हे. लंबगोल चेंडू हाती धरून, फेकून वा झेलून प्रतिपक्षाच्या प्रदेशात पुढे सरकायचे, असा हा खेळ. प्रत्येक बाजूला ११ गडी असतात. चढाई करणाऱ्या बाजूची एक फळी प्रतिपक्षाला अंगबळाने थोपवून धरते. त्या फळीच्या टोकाशी, तिला अगदी खेटून जो उभा राहतो तो टाइट एंड. त्याचे काम दुहेरी. कधी समोरच्याला थोपवून सहकाऱ्यासाठी वाट मोकळी करायची, तर कधी स्वतः धावत सुटून चेंडू झेलायचा. त्याने उत्तम थोपविले, तर टाळ्या मात्र मागून चेंडू घेऊन धावणाऱ्याला मिळतात. म्हणजे पहिल्या पसंतीच्या टाइट एंडचेही निम्मे काम दृष्टीआड राहते. मग राखीव टाइट एंडची कथा काय वर्णावी!

विद्यापीठीय क्रीडासंस्थेच्या नियमाप्रमाणे हंगामात खेळाडूकडून आठवड्याला जास्तीत जास्त २० तास सक्तीचा सराव घेता येतो. नियमित सामने सुमारे १२, आणि प्रत्येक सामना घड्याळी ६० मिनिटांचा. राखीव गडी तास सारे देतो. मिनिटे त्याच्या वाट्याला क्वचितच येतात. शिवाय सरावात पुष्कळदा त्याला स्वतःच्या संघाचा खेळ खेळताही येत नाही. येत्या शनिवारी ज्या संघाशी गाठ आहे, त्या संघाच्या टाइट एंडचे सोंग त्याने वठवायचे, म्हणजे आपल्या बचावफळीला त्याची सवय होते. दर आठवड्याला तो कोणी दुसराच असतो. याहून विलक्षण बाब अशी, की त्याला संधी मिळायची ती बहुधा पुढचा गडी जायबंदी झाला तरच. ज्याच्यासाठी तो राबतो, त्याच्याच दुखापतीत त्याचे भाग्य दडलेले असते.

अशा माणसाचे सांत्वन लोक करतात ते एकाच वाक्याने: "धीर धर, तुझाही दिवस येईल." या वाक्याला एक प्रसिद्ध आधार आहे. इंडियाना राज्यात होली क्रॉस संघाचे फादर एडवर्ड सोरिन यांनी १८४२ साली नोत्र दाम विद्यापीठाची स्थापना केली. तेथे १९७४ साली डॅनियल रुएटिगर, ऊर्फ रूडी, हा तरुण दाखल झाला. चौदा भावंडांतला तो तिसरा. आरमारात नोकरी करून आलेला, अक्षरे वाचताना अडखळणारा, तीनदा प्रवेश नाकारला गेलेला, आणि उंची अवघी ५ फूट ६ इंच. तो टाइट एंड नव्हता, बचावफळीच्या टोकाचा गडी होता. पण जात राखीव गड्याचीच. शिष्यवृत्तीवाचून तो सराव-संघात शिरला आणि दोन हंगाम धिप्पाड गड्यांच्या धडका सोशीत राहिला. ८ नोव्हेंबर १९७५ रोजी, जॉर्जिया टेक संघाविरुद्ध घरच्या मैदानावरील अखेरच्या सामन्यात, शेवटच्या काही क्षणांपुरते प्रशिक्षक डॅन डिव्हाइन यांनी त्याला उतरविले. त्याने चेंडू फेकू पाहणाऱ्या क्वार्टरबॅकला खाली पाडले, आणि सहकाऱ्यांनी त्याला खांद्यावर घेऊन मैदानाबाहेर नेले. १९९३ साली या कथेवर 'रूडी' हा चित्रपट निघाला आणि अमेरिकेत घरोघरी पोहोचला.

कथा हृद्य आहे, यात संशय नाही. तरीही ती ऐकून आमचे समाधान होत नाही. समजा, त्या दिवशी घड्याळ अर्धे मिनिट आधी थांबले असते, तर? दोन हंगामांची त्याची तपश्चर्या तेवढ्याने शून्य झाली असती काय? आणि तसे नसेल, तर त्या अर्ध्या मिनिटाने तिच्यात नेमकी कोणती भर घातली? चित्रपटाला तर तेवढेही पुरे वाटले नाही. खेळाडू एकामागून एक येऊन आपापला सदरा प्रशिक्षकांच्या मेजावर ठेवतात, असा प्रसंग त्यात रचला आहे. प्रत्यक्षात तसे घडले नव्हते. प्रेक्षकाला फळ दिसल्याशिवाय श्रमाचे मोल पटत नाही, हे त्या रचणाऱ्यांनी ओळखले होते. पण ज्यांना ते अर्धे मिनिटही लाभले नाही, अशांवर चित्रपट निघत नाही. वस्तुतः प्रश्न त्यांचाच आहे.

पुढे याच विद्यापीठात अनेक वर्षे अध्यापन केलेले तत्त्वज्ञ अॅलस्डेअर मॅकइन्टायर यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या 'आफ्टर व्हर्च्यू' या ग्रंथात एक उपयुक्त भेद सांगितला आहे. एका बालकाला मिठाईचे आमिष दाखवून बुद्धिबळ शिकवायला बसविले, अशी कल्पना ते करतात. जोवर ते मिठाईसाठी खेळते, तोवर लबाडी न करण्याचे त्याला कारण नसते. परंतु त्या खेळातच जे सूक्ष्म विश्लेषण आणि जी कल्पकता आहे, तिची गोडी एकदा लागली, की लबाडी करून ते स्वतःलाच फसवील. मिठाई, पैसा, कीर्ती ही बाहेरची श्रेये. ती एकाला मिळाली की दुसऱ्याची कमी होतात. त्या त्या उद्योगाच्या पोटातली श्रेये मात्र तो उद्योग मनःपूर्वक केल्यानेच मिळतात, आणि एकाला लाभल्याने दुसऱ्याची घटत नाहीत.

या प्रकाशात आपला राखीव टाइट एंड पाहावा. पाय कोठे रोवावा, खांदा किती खाली न्यावा, चेंडू झेलताना नजर कोठे ठेवावी, हे ज्ञान त्याला झाले ते खरेच झाले; प्रेक्षक नव्हते म्हणून ते खोटे ठरत नाही. याहून मोठे श्रेय दुसरेच आहे. पुढच्या गड्याच्या दुखापतीत आपली संधी आहे हे ठाऊक असूनही जो त्याचे कुशल मनापासून इच्छितो, आणि त्याला अधिक समर्थ करण्यासाठी सरावात कसूर करीत नाही, त्याने मत्सरावर जो जय मिळविला, त्याची नोंद कोणत्याही गुणफलकावर होत नाही. आमच्या मते त्याच्या महाविद्यालयीन कारकिर्दीचे खरे फलित तेच.

येथवर येऊन थांबलो, तर मात्र आमच्याकडून मोठा अन्याय होईल. कारण "श्रम हेच श्रमाचे फळ" हे वचन राबविणाऱ्याच्या मुखी फार सोयीचे असते. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हा कांटचा दंडक येथे आठवावा. १९९४ पासून वरच्या श्रेणीच्या संघांना ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. तिच्याबाहेरचे गडी स्वखर्चाने शिकत आणि संघासाठी राबत. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीने खेळाडूंना उत्पन्नाचा वाटा देण्यास विद्यापीठांना मुभा मिळाली, हे न्याय्यच झाले. पण त्याच तडजोडीने ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांच्या फुटबॉल संघावर १०५ गड्यांची मर्यादा आली, आणि तिची चाहूल लागताच कित्येक ठिकाणी शिष्यवृत्तीवाचून खेळणाऱ्यांना वगळण्यात आले. न्यायाधीशांनी हरकत घेतल्यावर, अशा खेळाडूंना मर्यादेबाहेर ठेवून परत घेण्याची सवलत देण्यात आली. ती वापरायची की नाही, हे मात्र विद्यापीठांच्या मर्जीवर राहिले. मैदानावरच्यांचा हिशेब होऊ लागला, तेव्हा बाकावरच्यांची जागाच कमी झाली.

म्हणून या प्रश्नाला आम्हांस दोन उत्तरे द्यावी लागतात. "माझे श्रम व्यर्थ गेले नाहीत" असे त्या गड्याने स्वतःशी म्हणावे. ते सत्य आहे आणि ते म्हणण्याचा अधिकार त्याचा आहे. त्याच्या श्रमांवर ज्यांचा विजय उभा राहिला, त्यांना तेच वाक्य सांत्वन म्हणून उच्चारण्याचा अधिकार नाही. त्यांनी प्रथम आपले ऋण मोजावे: त्याचे शिक्षण पुरे होईल हे पाहावे, त्याच्या शरीराची काळजी वाहावी, आणि नावांच्या यादीवर काट मारण्यापूर्वी त्याला समोर बसवून त्याच्याशी बोलावे. सद्गुण राखीव गड्याने दाखवायचा आणि न्यायाची सूट मात्र इतरांनी घ्यायची, हा व्यवहार कोणत्याही नीतीत बसत नाही.